आखणीचं आसन

ज्या माणसाला गणपतीच्या डाव्या-उजव्या डोळ्यातला केसाएवढा फरक लांबून दिसतो, त्याला स्वतःच्या डाव्या-उजव्या पायातला फरक दिसू नये, याला काय म्हणायचं? मी जे म्हणायचं ते त्यांच्या तोंडावर म्हटलं. लग्न झाल्यापासून तोंडावरच म्हणत आलेय, मागं बोलायची मला सवय नाही.

माझ्या सासऱ्यांनी पेण सोडलं आणि बडोद्याला येऊन गोरव्यात गणपतीचा कारखाना घातला. कारखाना म्हणजे काय, घरामागची पत्र्याची शेड. आजूबाजूला सगळे लोखंडाचे कारखाने, दिवसभर लेथची घरघर, आणि मध्ये आमचे गणपती मांडी घालून बसलेले. सासरे गेले, आता आमचे हे चालवतात. सदानंद मूर्तिकार म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. मुलगा निहार नंदेसरीला केमिकल प्लांटमध्ये नोकरी करतो आणि पाळीवरून आला की हात-पाय धुऊन मूर्तींना रंग देतो. माती मळणं, साच्यात दाबणं, पॉलिशपेपर मारणं, हे मी आणि दोन बाया करतो. पण डोळे फक्त ह्यांचे. त्याला आखणी म्हणतात. बाकी सगळं होईपर्यंत ती माती असते, आखणी झाली की तिला नमस्कार करायचा.

यंदा सगळं उलटंपालटं झालं. आषाढात ह्यांना ताप आला आणि आठवडाभर हे अंथरुणातून उठले नाहीत. त्यात पावसानं असा काही मुक्काम ठोकला की शाडूच्या मूर्ती वाळेनात. पंखे लावले, मोठाले दिवे लावले, तरी बोट लावावं तर पोट ओलं. कशाबशा वाळल्या, रंग चढले, तोवर श्रावण निम्मा सरला होता. शेडभर गणपती बिनडोळ्यांचे उभे, आणि चतुर्थी दारात.

मग हे आखणीला बसले. बसले म्हणजे कसे, तेही सांगते. सकाळी आंघोळ करून पाटावर बसायचं, डावा पाय मुडपून अंगाखाली घ्यायचा, उजवा गुडघा उभा करायचा आणि त्यावर मनगट टेकवायचं, म्हणजे हात हलत नाही. सासऱ्यांचा नेम होता की आखणीला बसलं की त्या दिवसाच्या मूर्ती पुऱ्या होईपर्यंत आसन मोडायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं. सासऱ्यांच्या वेळी मूर्ती मोजक्या, ते जेवणवेळेला मोकळे व्हायचे. आता शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण नेम तोच. सकाळी बसलेला माणूस दिवेलागणीला उठायचा. मी म्हणायची, अहो, दोन घास तरी खा. तर मान न वळवता म्हणायचे, "विमल, मध्ये बोलू नकोस, पापणी चालू आहे."

एका संध्याकाळी उठताना ह्यांनी खांब धरला.

"काय झालं?"

"काही नाही. पाय आखडला."

"दिवसभर अंगाखाली घेऊन बसल्यावर तो काय नाचेल?"

दुसऱ्या दिवशी लंगडत होते. तिसऱ्या दिवशी पायजमा घालताना डाव्या पोटरीवर कापड अडकलं. मी हसले. म्हटलं, "माणसं दोन्ही पायांनी जाड होतात, तुम्ही एकाच पायानं सुरुवात केलीत." हे पण हसले आणि परत पाटावर जाऊन बसले, तोच पाय मुडपून. दुपारी मात्र चेहरा ओढलेला दिसला. पोटरीला हात लावला तर गरम, कातडी ताणून चकचकीत झालेली. उजवी आपली नेहमीसारखी, काटकुळी.

"पोटरी चढलीय, गोळा आलाय," हे म्हणाले. "पिलाजीरावांना बोलव. दोन हात मारले की उतरेल."

पिलाजीराव पलीकडच्या गल्लीत राहतात. जन्म आखाड्यात गेला, आता गुडघे गेलेत पण हात शाबूत आहेत. गोरव्यात कुणाची मान धरली, कंबर लचकली, पोटरी चढली की पिलाजीरावच. कुणाकडून काही घेत नाहीत, फक्त कपभर चहा आणि तोंडभर कौतुक लागतं. ते आले, पाय बघितला, आणि लुंगी खोचत म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? वहिनी, तेल गरम करा. लसूण आणि ओवा टाका. सदा, तू दात-ओठ आवळून बस, ओरडायचं नाही."

मी मोहरीचं तेल तापवलं. ह्यांचा पाय स्टुलावर घेतला, पिलाजीरावांनी वाटीत बोटं बुडवून तळहातावर तेल चोळलं. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि अवंती आली.

अवंती बडोद्यातच, पण पार अकोट्याला राहते, मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहे. तिच्या घरचा गणपती दर वर्षी आमच्याकडचा, आणि आखणीआधी एकदा येऊन सांगायची तिची पद्धत आहे, "काका, डोळे शांत हवेत हं." या वर्षी ती मूर्तीपर्यंत गेलीच नाही. स्टुलावरचा पाय बघून दारातच थांबली.

"काका, पायाला काय झालं?"

"चढलीय जरा."

"एकच पाय?"

"हो, डावा."

"पिलाजीकाका, एक मिनिट. हात लावू नका."

आता पिलाजीरावांना मालीश करताना थांबवायचं म्हणजे भटजीला मंत्राच्या मध्ये थांबवण्यासारखं. ते तेलाचे हात वर धरून तसेच बसले. अवंती खाली बसली. नडगीवर अंगठा दाबला आणि काढला, तर तिथं खळगा तसाच राहिला. मग इकडंतिकडं बघून तिनं मूर्ती मापायचा दोरा उचलला. उजव्या पोटरीला गुंडाळला आणि जिथं टोकं जुळली तिथं गाठ मारली. तोच दोरा डाव्या पोटरीला लावला तर टोकं एकमेकांच्या जवळही येईनात. मी ते बघितलं आणि माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

"अलीकडे आजारी होतात का? झोपून होतात?"

मी तापाचं सांगितलं. दिवसभराच्या आसनाचं सांगितलं. पाणी न पिण्याचं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा गंभीर होत गेला.

"काका, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला. सोनोग्राफी करायची. मला वाटतं, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय."

"आज मूर्तींची ही ओळ संपवतो," हे म्हणाले. "सकाळी पहिला नंबर लावतो. आसनावरून मध्येच..."

"सकाळी नाही. आत्ता."

पिलाजीराव इतका वेळ गप्प होते, हेच नवल. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, उभा जन्म पोटऱ्या चोळण्यात गेला माझा. कुणाचं वाईट झालं नाही."

"बरंच वाटलं असेल सगळ्यांना, काका. कारण त्यांच्या पोटऱ्या चढल्या होत्या. ही चढलेली नाही. आत गुठळी असली आणि चोळताना तिचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर वर जाईल आणि फुप्फुसात अडकेल. मग श्वासच बंद व्हायची वेळ येते."

पिलाजीरावांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग मुकाट्यानं उठले आणि लुंगीला हात पुसत राहिले, तेल निघालं तरी पुसतच राहिले. मी त्या तेलाच्या वाटीकडं बघत होते. लसूण छान लालसर झाला होता. वाटी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

हे अजून पाटाकडं बघत होते. मी म्हटलं, "उठता का उचलू?" तेव्हा उठले.

दवाखान्यात ह्यांच्या पायाला थंडगार जेल लावून ते यंत्र मांडीपासून पोटरीपर्यंत फिरवलं. अवंती शेजारी उभी होती. यंत्रानं दाबलं की चांगली शीर चपटी होते, म्हणाली. गुडघ्यामागची शीर काही केल्या चपटी होईना. गुठळी होतीच. छातीही तपासली, ती स्वच्छ निघाली. रक्त गोठू नये म्हणून लगेच औषध सुरू केलं आणि ह्यांना ठेवून घेतलं.

मला त्या दिवशी जी भीती वाटली ती मी कुणाला दाखवली नाही, पण इथं सांगते. मी ह्यांच्या छातीवरून नजर काढली नाही. छाती वर गेली की खाली यायची वाट बघायची, खाली आली की वर जायची. ह्यांनी जांभई दिली तरी मी उठून उभी राहायची. निहार म्हणाला, "आई, जरा डोळे मीट." म्हटलं, तू मीट.

शिवाय मी ह्यांना बजावून ठेवलं होतं, बोटसुद्धा हलवायचं नाही. गुठळी सुटेल. पाय दगडासारखा ठेवायचा. हे बिचारे ठेवून होते. आणि दुसऱ्या दिवशी नर्स येऊन काय म्हणते? "चालो काका, ऊठो, चालवानु छे." मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, बहेन, डोकं ठिकाणावर आहे ना? ह्यांच्या पायात गुठळी आहे आणि तुम्ही चालवायला निघालात? ती हसायला लागली, मला राग आला, माझा आवाज चढला. सगळा वॉर्ड बघायला लागला. शेवटी अवंतीला यावं लागलं.

"काकू, औषध सुरू झालंय. आता चाललेलंच बरं. पडून राहणं हाच तर सगळा घोटाळा आहे."

"पण मला कळत नाही," हे उशीवरून म्हणाले, "मला ना मार लागला, ना मी पडलो. नुसता बसलो होतो. बसून कुणाला काय होतं?"

"बसूनच होतं, काका. हृदय रक्त खाली पाठवतं. पण पायातून वर चढायचं तर त्याला रेटा लागतो. तो पोटरी देते. चालताना ती आवळते, सुटते, आवळते, सुटते, आणि रक्त वर ढकललं जातं. पाय हललाच नाही, त्यात मुडपून दाबून ठेवला, पाणी कमी, वर तापानं झोपून काढलेला आठवडा, की रक्त तिथंच रेंगाळतं आणि थिजतं."

हे म्हणाले, "म्हणजे शाडूची रबडी. बादलीत ढवळली नाही की तळाशी गोळा."

"अगदी तसंच."

"आणि पोटरी म्हणजे ढवळायची काठी."

"हो."

"आणि मी काठीवरच बसलो होतो."

अवंती हसली, नर्स हसली, शेजारच्या खाटेवरचे गुजराती काका काही न कळता हसले. मला हसू आलं नाही, रडू आलं. पण मग ह्यांना हात देऊन उठवलं आणि दोघं मिळून त्या वॉर्डातून हळूहळू फिरून आलो. लग्नात सप्तपदीला चाललो होतो तेवढ्याच बेतानं.

घरी सोडताना सूचना मिळाल्या. गोळ्या काही महिने घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्त पातळ राहणार, तेव्हा कापून घ्यायचं नाही, आणि अंग दुखलं म्हणून दुकानातून कुठलीही गोळी आणून खायची नाही. दम लागला, छातीत दुखलं, कुठून रक्त आलं की सरळ दवाखाना. पाय मुडपून बसायचं बंद, आणि तासभरसुद्धा सलग बसायचं नाही. अधूनमधून उठायचं, चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि बसल्या बसल्यासुद्धा टाचा वर-खाली करायच्या.

"आणि आखणी?" ह्यांनी विचारलं.

"खुर्चीवर बसून करा ना, काका. मध्ये मध्ये उठून."

ह्यांनी गोळ्यांची पिशवी उचलली आणि चपला शोधायला लागले. मला हे टाळणं ओळखीचं आहे. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

इकडं निहारनं एक पराक्रम करून ठेवला होता. आम्ही दवाखान्यात असताना बापाचं ओझं हलकं करावं म्हणून पोरानं एका मूर्तीची आखणी केली. मी बघितली. एक डोळा गोरव्याकडं, दुसरा अकोट्याकडं.

"आई, फार वाईट आहे का?"

"नाही रे. फक्त आरती दोन बाजूंनी करावी लागेल."

ह्यांनी ती मूर्ती हातात घेतली, ओल्या फडक्यानं डोळे हळूच पुसून काढले आणि निहारच्या पाठीवर थाप मारली.

मग आमची नवी पद्धत सुरू झाली. निहारनं जुनं टेबल विटांवर चढवलं, खुर्ची आणली, मनगट टेकवायला लाकडाचा ठोकळा केला. कटर आणि पाती त्यानंच कुलपात ठेवली. पिलाजीराव रोज येऊन बसायला लागले. पहिले दोन दिवस गालावर रुसवा होता, पण घरी बसवेना. आता चोळायचं नाही तर नाही, ह्यांना उठवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आखाड्यात पोरांना दरडावायचे त्याच आवाजात दरडावायचे, "सदा, ऊठ. अंगणात चल. टाच वर, टाच खाली. अरे, लाजतोस काय, पायाला व्यायाम आहे." येणारी-जाणारी गिऱ्हाईकं बघायची. मूर्तिकार टाचा उचलतोय आणि म्हातारा पहिलवान मोजतोय. ह्यांना फार ओशाळल्यासारखं व्हायचं. छोट्या मूर्तींना अडचण नव्हती, एकीचे डोळे झाले की हे उठायचे. सूज उतरायला लागली होती.

अडचण आली ती मोठ्या मूर्तीला. चारुलताबेन म्हणून आहेत, पलीकडच्या सोसायटीच्या प्रमुख. त्यांच्या मंडळाची मूर्ती माणसाएवढी, तिचे डोळे म्हणजे तळहाताएवढे. ती आखणी ह्यांनी शेवटी ठेवली होती. त्या दिवशी चारुलताबेन स्वतः मूर्ती बघायला येऊन बसल्या होत्या. हे उंच स्टुलावर बसले. आधी बुबुळ, मग पापणीची रेघ, मग कोपऱ्यातला लालसर धागा. ब्रश इतका बारीक की हातात आहे की नाही कळू नये. उजवा डोळा उघडला. खरं सांगते, इतकी वर्षं बघतेय, तरी त्या क्षणाला अंगावर काटा येतोच.

पिलाजीराव हळू आवाजात म्हणाले, "सदा, वेळ झाली."

हे हलले नाहीत. ब्रश दुसऱ्या डोळ्याकडं नेला.

"अहो, उठा," मी म्हटलं.

"हा डोळा झाला की उठतो."

"मोठा डोळा आहे. आत्ताच खूप वेळ झालाय."

"विमल, तुला माहीत नसल्यासारखं बोलू नकोस. वडील सांगायचे, एक डोळा उघडून आसन मोडलं तर देव काणा राहतो. पन्नास गोष्टी सोडल्या मी तुमच्यासाठी. पाट सोडला, मांडी सोडली. ही एक सोडायला सांगू नका."

पिलाजीराव माझ्याकडं बघायला लागले. चारुलताबेन ह्यांच्याकडं. मला ओरडता आलं असतं, ओरडायचं तर मला चांगलं येतं. पण आवाज फुटला तो भलताच. मी म्हटलं, "दवाखान्यात त्या दिवशी सगळे मला सांगत होते, गणपतीला हात जोड. मी जोडले नाहीत. मी भांडले त्याच्याशी. तुझ्यासमोर बसून बसून हा माणूस आडवा झाला आणि तू बघत बसलास, म्हटलं. ह्यांना काही झालं तर शेडमधले सगळेच्या सगळे बिनडोळ्यांचे नेऊन पाण्यात सोडीन, म्हटलं. देवाला असं बोलले मी. मला तुमच्याशिवाय एक दिवस काढता येत नाही, आता हे ह्या वयात चार माणसांत बोलायला लावलंत. देव काणा राहिला तर मी त्याचं बघून घेईन. तुम्ही उठा."

ह्यांचा हात हवेत होता तसाच होता. ब्रशच्या टोकावरचा काळा रंग सुकायला लागला असेल. मग ह्यांनी मूर्तीकडं एकदा बघितलं, त्या उघड्या डोळ्याकडं आणि शेजारच्या पांढऱ्या जागेकडं. ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, आडवा ठेवला. आणि माझ्या खांद्याला धरून खाली उतरले.

चारुलताबेन घाबरल्याच. "अरे सदाभाई, शू करो छो? बीजी आंख तो बाकी छे."

"बेसो ने, बहेन," हे म्हणाले. "पाणी पीने आवुं छुं."

अंगणात ऊन पडलं होतं. हे पिंपाशी गेले, तांब्याभर पाणी घटाघट प्यायले, आणि कुणी न सांगता, कुणाकडं न बघता टाचा वर-खाली करायला लागले. पिलाजीराव मोजायचे विसरले. मग हे लेथच्या आवाजात अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले, दोन्ही पाय सारखे टाकत. मी शेडच्या दारात उभी राहून बघत होते आणि पदरानं डोळे पुसत होते, आणि हसतही होते.

मागं वळले तर तो माणसाएवढा गणपती एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होता. मी त्याला म्हटलं, "थांब जरा. येताहेत ते."